कृष्णात इंगवले यांचा सशाबद्दलचा जबाब

शाहूपुरीत कृष्णात इंगवले यांचं मोटारसायकलच्या सीट कव्हरचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, रेक्झिनचे गठ्ठे आणि गिऱ्हाइकाला बसायला एका जुन्या जीपचं काढून आणलेलं मागचं बाकडं. सीट शिवून व्हायला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ गिऱ्हाईक कुठे जाऊ शकत नाही, कारण त्याच्या गाडीला सीटच नसते. कृष्णातच्या गोष्टी या पाऊण तासावर पोसल्या गेल्या.

मी शिवाजी पेठेत त्यांच्या राहत्या घरासमोर राहतो. शाळेतून निवृत्त झालो तेव्हापासून मला वेळच वेळ आहे, त्यामुळे या गोष्टी मी पुष्कळदा ऐकल्या. सगळ्या शिकारीच्या. कृष्णातचा आजा म्हणे संस्थानच्या शिकारखान्यात होता. त्याचा नेम असा, की ससा उडी मारून हवेत असतानाच पडायचा. जमिनीवर असताना मारणं आज्याला कमीपणाचं वाटायचं. मग चंदगडच्या रानात तीन दगडांची चूल मांडून आजा तो ससा कसा शिजवायचा, याचं वर्णन सुरू व्हायचं. गोष्टीचा खरा जीव त्यातच होता. मोठमोठे साहेबलोक हातात ताटली घेऊन आज्यासमोर उभे राहायचे, असं कृष्णात सांगायचा. सीट घेऊन निघालेलं गिऱ्हाईक थेट जेवायलाच गेलं असेल असं मला नेहमी वाटे.

या गोष्टींचा सगळ्यात निष्ठावंत श्रोता होता शेजारचा नटबोल्टवाला नेमगोंडा पाटील. माणूस शिरोळकडचा, जैन. घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही. पण रोज संध्याकाळी पाचच्या चहाला तो जीपच्या बाकड्यावर येऊन बसे आणि सशाचं मटण ऐके. बावीस वर्षं ऐकलं. खरं का खोटं, हे त्यानं कधी विचारलं नाही. उलट कृष्णात कुठे घसरला तर तोच सावरून घेई. "मागल्या बारीला तीन कुत्री म्हणालतासा," एवढंच शांतपणे म्हणे आणि कृष्णात मुकाट्यानं तिसरं कुत्रं गोष्टीत परत आणे.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग मागच्या चैत्रात कृष्णातच्या भाच्यानं ससे पाळले.

भाचा म्हणजे आक्काचा मुलगा, आदर्श. आक्का ही कृष्णातची थोरली बहीण, चंदगड तालुक्यात दिलेली. आदर्शनं कारखान्यातली नोकरी सोडून गावाकडं पांढऱ्या सशांची शेड टाकली होती. ससे वाढत होते, ते त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. पण खाणारं गिऱ्हाईक वाढत नव्हतं. सशाचं मटण म्हटलं की लोक हसायचे, किंवा कसं शिजवायचं म्हणून विचारायचे. आदर्शला त्याचं उत्तर येत नव्हतं, पण लहानपणापासून ज्याच्या तोंडून ते ऐकलं होतं तो मामा कोल्हापुरात होता. त्यानं फोन केला, की मामा, शुक्रवारी साफ करून दोन आणतो, रविवारी तुम्ही शिजवा, मी मोबाईलवर व्हिडिओ करतो, म्हणजे गिऱ्हाइकांना दाखवता येईल.

कृष्णात म्हणाला, व्हय की. दुसरं काय म्हणणार? चार गिऱ्हाइकं बाकड्यावर बसलेली होती.

खरी गोष्ट अशी होती, की कृष्णातनं उभ्या आयुष्यात ससा शिजवला नव्हता. खाल्लाही नव्हता. बंदूक त्यानं पाहिली होती ती बँकेच्या दारातल्या शिपायाच्या खांद्यावर. आणि त्याचा आजा शिकारखान्यात होता हे खरं असलं, तरी तिथं तो काय करायचा हे कृष्णातशिवाय घरात फक्त त्याची बायको शालन हिला ठाऊक होतं. तिला ते तिच्या सासऱ्यांनी सांगितलं होतं. ती बोलली नव्हती, कारण तिला कुणी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी आदर्श एसटीनं आला. बर्फाच्या डब्यात दोन ससे आणि पिशवीत आक्कानं दिलेले ओले काजूगर. ते ठेवून तो शाहूपुरीत मित्राकडे उतरला. शनिवारी दुपारी कृष्णातनं दुकान लवकर बंद केलं आणि घरी येऊन एक ससा तालमीसाठी काढला. मांस फिकट गुलाबी, कोंबडीसारखं, आणि अंगावर चरबीचा ठिपका नाही. शालननं आधीच सांगितलं होतं, मी हात लावणार नाही. ससं म्हणजे मला लेकराच्या पुस्तकातलं चित्र दिसतं. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. कृष्णातनं मटणाला घालतात तसं हळद-मीठ, आलं-लसूण घातलं, कुकर लावला आणि सहा शिट्ट्या काढल्या.

झाकण उघडल्यावर मांस हाडापासून सुटलेलं होतं, पण सुटून त्याचा काथ्या झाला होता. कृष्णातनं एक तुकडा चावला. बराच वेळ चावला. सीटमध्ये पूर्वी काथ्या भरायचे, तो कसा लागत असेल हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

"आता काय करायचं?" त्यानं शालनला विचारलं.

"आज्यानं काय सांगितल्यालं न्हाय?" शालन म्हणाली.

तो कुकरचं झाकण परत लावू लागला. मग तिलाच दया आली. तिचं माहेर भुदरगडातलं. तिची आई म्हातारा कोंबडा शिजवायची, तो असाच चिवट, बिनचरबीचा. त्याला मोठा जाळ चालत नाही, शिट्टी तर नाहीच. रात्रभर दह्यात मुरवायचा, खाली कांद्याचा जाड थर, शेंगतेल सढळ हातानं, पाणी अगदी बेताचं. झाकण कणकेनं लिंपून टाकायचं, वर पाण्याची ताटली, आणि कोळशाच्या शेगडीवर तीन तास नुसतं ठेवायचं. मध्ये एकदाच उघडायचं, बाकी हात लावायचा नाही. आई त्या तीन तासांत दोन पायल्या जोंधळा निवडायची, असंही शालननं सांगितलं.

त्या रात्री दुसरा ससा आठ तुकडे करून दह्यात गेला.

रविवारी सकाळी पेठेत सगळ्यांच्या घरी मटण शिजत असतं. आमच्या गल्लीत अकरा वाजता श्वास घेतला तरी अर्धं जेवण होतं. त्यात इंगवल्यांच्या परड्यात शेगडी पेटलेली दिसली तेव्हा मी आत गेलो. कृष्णातनं भाजलेलं खोबरं, तीळ, खसखस आणि घरची कांदा-लसूण चटणी वाटून मांसाला चोळली होती. तळाला कांदे, वर सशाचे तुकडे, कडेनं लहान लहान अख्खे कांदे. शालन दारात बसून सांगत होती, तो करत होता. झाकण लिंपलं, निखारे सारखे केले, आणि तो पाटावर बसून राहिला.

तीन तास. दोनदा तो उठून झाकणाला कान लावून आला. एकदा कणीक फोडून बघूया म्हणाला, तेव्हा शालननं फक्त मान हलवली. दोन तासांनी तिनं परवानगी दिली. त्यानं लिंपण फोडलं, काजूगर सोडले, ताटलीतलं गरम पाणी वाटीभर घातलं आणि पुन्हा झाकण लिंपलं. नंतर मला शालन म्हणाली, लग्नाला तेहतीस वर्षं झाली, एवढा वेळ न बोलता बसलेला हा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

जेवायला आम्ही पाच जण होतो. कृष्णात, आदर्श, मी, आणि दुकानाच्या ओळीतले दोघे. नेमगोंडाही आला होता. तो जेवणार नव्हता. कोकम सरबताचा पेला घेऊन दाराशी खुर्चीवर बसला. बावीस वर्षं कानांनी खाल्लेली वस्तू डोळ्यांनी बघायला आलोय, असं म्हणाला.

मी मटण पुष्कळ खाल्लं आहे, कोल्हापुरात राहून दुसरं काय करणार? पण तसं पुन्हा खाल्लं नाही. चमच्यानं तुटत होतं, तरी तुकडा तुकडाच होता. रस्सा दाट, कांद्याचा गोडवा आलेला, आणि काजूगर तेल पिऊन लोण्यासारखे झालेले. कृष्णात स्वतः दुसरा घास घेऊन थांबला आणि ताटाकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर आश्चर्य होतं. ते मला दिसलं, पण तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

तेवढ्यात ओळीतल्या दोघांपैकी एक जण बोटं चाटत म्हणाला, झकास झालंय, अगदी गावठी चिकनसारखं लागतंय.

तो चांगल्या मनानं म्हणाला होता. पण कृष्णातला ते लागलं. आदर्शनं नेमका त्याच वेळी मोबाईल वर केला आणि म्हणाला, मामा, दोन शब्द बोला. ठरलं होतं ते असं, की मामानं भाच्याच्या शेडचं नाव सांगायचं आणि पाळलेला ससा किती चवदार लागतो ते सांगायचं. कृष्णातनं गळा साफ केला.

"ह्ये चिकन न्हवं," तो मोबाईलकडे बघून म्हणाला. "चार पिढ्या आमच्या घरात रानातला ससा शिजतोय. आज्यानं चंदगडच्या जंगलात टिपायचा आनि आमी शिजवायचा. हात त्योच हाय, पद्धत आज्याचीच हाय."

शालन भाकरी घेऊन येत होती. ती उंबऱ्यावर थांबली आणि भाकरी वाढून परत गेली.

शेडचं नाव आणि फोन नंबर आदर्शनं व्हिडिओच्या शेवटी टाकला होता. लोक व्हिडिओ शेवटपर्यंत बघत नाहीत हे त्याला माहीत असायला हवं होतं. कुणीतरी शेवट कापून पुढं पाठवला, वर लिहिलं, रानसशाचं अस्सल मटण, शिकारी घराणं. आदर्श संध्याकाळच्या गाडीनं गावाकडे गेला. त्याचं गाव डोंगरापलीकडे, तिथं फोन लागायचा तर झाडाखाली एका ठरावीक जागी उभं राहावं लागतं.

सोमवारी संध्याकाळी वनखात्याच्या भाग्यश्री मगदूम कृष्णातच्या दारात आल्या. तिशीच्या असतील. सोबत एक वनरक्षक होता. रानातला ससा मारणं हा गुन्हा आहे, शिजवणं आणि खाणं हेही त्यातच येतं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि घरात काही शिल्लक आहे का विचारलं.

शिल्लक होतं. शालननं एका स्टीलच्या डब्यात रविवारचा रस्सा फ्रिजमध्ये ठेवला होता. डबा बाहेर आला. पंच म्हणून दोन माणसं लागतात, तेव्हा समोरच्या घरातून मला बोलावलं, आणि चहा चुकला म्हणून चौकशीला आलेला नेमगोंडा आयताच सापडला. मग ध्यानात आलं, की ज्या डब्याभोवती आम्ही बसलो होतो त्यात काय आहे हे ओळखायला त्या खोलीत फारसं कुणी उपयोगाचं नव्हतं. मगदूमबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं, की आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. नेमगोंडाचं तर विचारायलाच नको. वनरक्षकाचा सोमवार होता.

"तुम्ही यांना किती वर्षं ओळखता?" बाईंनी नेमगोंडाला विचारलं.

"बावीस."

"हे शिकार करतात असं कधी बोलले आहेत?"

नेमगोंडा खोटं बोलत नाही. तो अगदी मोजून मापून सांगू लागला. आज्याचे ससे किती, कुठल्या ओढ्याकाठी, कुत्री किती. १९९४ साली कृष्णात स्वतः गेला होता आणि अंधारात एकाच गोळीत दोन पाडले होते, तेही त्यानं सांगितलं. तारीखवार सांगितलं. वनरक्षक लिहून घेत होता आणि त्याचा हात दुखायला लागला होता. कृष्णातचा चेहरा हळूहळू त्या डब्यातल्या रश्श्यावरच्या गोठलेल्या तेलासारखा झाला.

आदर्शला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, नाही. शेडचे कागद, पशुवैद्यकाचा दाखला, सगळं त्याच्याकडे.

"कागद नसतील तर तुमच्या तोंडचंच मला धरावं लागेल," बाई म्हणाल्या. "व्हिडिओत तुम्ही स्वतः बोलला आहात. हे साक्षीदारही तेच सांगतात."

कृष्णातनं पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाला, "म्याडम, ते समदं खोटं हाय."

"कुठलं?"

"समदंच."

आणि त्यानं जबाब दिला. मी पंच होतो म्हणून तो माझ्यासमोर वाचून दाखवला गेला, त्यामुळे मला जवळजवळ पाठ आहे. मी कृष्णात इंगवले, व्यवसाय सीट कव्हर शिवणे. माझे आजोबा शिकारखान्यात नोकरीस होते, परंतु ते शिकार करीत नसत. ते मुक्कामाचे तंबू शिवत असत. त्यांनी कधीही बंदूक हाती धरलेली नाही. मीही धरलेली नाही. १९९४ साली मी कोठेही गेलो नव्हतो, मला त्या वर्षी कावीळ झाली होती. मी या रविवारपूर्वी ससा शिजवलेला वा खाल्लेला नाही. सदर ससा माझ्या भाच्याच्या शेडमधील पाळीव आहे.

"आणि शिजवायची पद्धत आजोबांची?" बाईंनी व्हिडिओ आठवून विचारलं.

कृष्णात काही बोलायच्या आत शालन दारातून पुढं आली. "ती माझ्या आईची," ती म्हणाली. "ते बी लिवा."

"त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही, मावशी."

"असू द्या. लिवा."

मगदूमबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि वनरक्षकाला लिहायला सांगितलं. सदर पाककृती माझ्या पत्नीच्या मातोश्रींची आहे. त्याखाली कृष्णातनं सही केली, मी केली. नेमगोंडानं चष्मा काढला, पुसला, सगळा जबाब स्वतः पुन्हा वाचला आणि मग सही केली. तो चपला घालून निघून गेला.

डबा सील करून तपासणीला नेला. त्यावर शालनचं नाव कोरलेलं होतं, लग्नात माहेरून आलेला. तिनं डब्याची पोच मागितली आणि घेतली. जाताना बाईंनी एक अट घातली. तुमच्या त्या व्हिडिओमुळं उद्या चार पोरं जंगलात जाळी घेऊन जातील, तेव्हा खरं काय ते त्याच तोंडानं, तसंच मोबाईलवर सांगून टाका. कृष्णातनं माझ्याच मोबाईलवर सांगितलं. मान खाली घालून, हात जोडून, तंबूपासून काविळीपर्यंत सगळं.

मंगळवारी सकाळी दहा वाजता आदर्श पहिल्या गाडीनं कागदांची फाईल घेऊन हजर झाला. झाडाखाली गेल्यावर त्याला सगळे मिस्ड कॉल दिसले होते. वनखात्यात त्यानं शेडची नोंदणी, दाखला, सशांच्या वजनाची वही असं सगळं ठेवलं, बाईंनी ते बघितलं, आणि अर्ध्या तासात प्रकरण जवळजवळ मिटलं. तपासणीचा निकाल पुढं दोन महिन्यांनी आला, पाळीव ससा असाच. म्हणजे कृष्णातनं सोमवारची रात्र गप्प बसून काढली असती, तर जबाब द्यावाच लागला नसता. आज्याला तंबूत कोंबायची गरज पडली नसती.

पण कबुलीचा दुसरा व्हिडिओ सगळीकडे सुटला होता. बुधवारी कृष्णात दुकान उघडायला गेला तो मान खाली घालून. लोक हसतील याची त्यानं तयारी केली होती. पेठेतून जाताना तालमीजवळ चौघं उभे होते. त्यातल्या एकानं हात वर केला.

"कृष्णातभाऊ, मानलं तुमाला. काय डोस्कं लावलंयसा."

कृष्णातला कळेना. तो म्हणाला, अरे, ते खरं हाय, आजा तंबूच शिवत होता. चौघंही मनापासून हसले. एकानं पाठीवर थाप मारली आणि आवाज खाली आणून म्हणाला, व्हय व्हय, आमीबी हेच सांगतोय समद्यांस्नी, तंबू.

दुकानात तोच प्रकार. बावीस वर्षं थापा मारताना निम्मे लोक गालात हसायचे, कोपरानं एकमेकांना ढोसायचे. आता आयुष्यात पहिल्यांदा त्यानं सही करून, दोन पंचांसमोर खरं सांगितलं, तर सगळ्या शाहूपुरीची खात्री पटली की इंगवले म्हणजे जातिवंत शिकारी. नाहीतर वनखात्याचे लोक उगीच घरी येतील काय? आणि काविळीचं किती बेमालूम जुळवलंय बघा. वर्षसुद्धा सांगितलं. सीट शिवायला येणारी माणसं वाढली. बाकड्यावर बसून ती जरा वाट बघत आणि मग हळूच विचारत, मालक, एखादा जमंल का, रानातला? कृष्णात तळमळून सांगे, की न्हाय ओ पावणं, मी उंदीरसुद्धा मारल्याला न्हाय. पाहुणे मान डोलावत. जाताना नंबर ठेवून जात.

त्यानं आणखी एक खरं सांगायचा प्रयत्न केला. ससा पाळीवच घ्या, भाच्याकडे मिळतो. त्याची खुबी शिकारीत नाही, शिजवण्यात आहे. तीन तास लावा, कुकर लावू नका, ही माझ्या सासूची रीत आहे. लोकांना त्यात चव वाटेना. सासूची रीत ऐकायला जीपच्या बाकड्यावर कोण बसणार? आदर्शच्या शेडवर मात्र मागणी येऊ लागली. तो फोनवर सांगत असे, की हा पाळीवच आहे. गिऱ्हाईक म्हणे, व्हय, फोनवर तसंच बोलाय पायजे.

सगळ्या कोल्हापुरात कृष्णातच्या जबाबावर एकाच माणसानं विश्वास ठेवला. आणि तो माणूस पाचच्या चहाला यायचा बंद झाला.

नेमगोंडाचं दुकान शेजारीच, मध्ये एक भिंत. कृष्णातला त्याचा आवाज ऐकू यायचा, गिऱ्हाइकाशी बोलताना, बोल्टच्या पेट्या सरकवताना. पाच वाजता चहावाला दोन पेले ठेवायचा आणि एक परत न्यायचा. दहा दिवस असे गेले. अकराव्या दिवशी कृष्णात स्वतः उठून नेमगोंडाच्या दुकानात गेला आणि स्टुलावर बसला.

"नेमाण्णा, चुकलं माझं," तो म्हणाला.

नेमगोंडा बोल्ट मोजत होता. मोजून संपल्यावर म्हणाला, "तुमचं काय चुकलं? मीच मोठा शाणा. बावीस वर्षं घरी जाऊन बायकोला सांगत हुतो. पोरांस्नी सांगितलं. आता नातवाला सांगाय लागलतो." थोडं थांबून तो म्हणाला, "त्या वनखात्याच्या पोरीसमोर तुमच्याविरुद्ध साक्ष दिली मी. खोट्या गोष्टीची खरी साक्ष."

कृष्णातनं सांडलेला एक बोल्ट उचलून पेटीत टाकला. मग नेमगोंडानंच विचारलं, तुमचा आजा तंबू शिवायचा ते कसं? कापड कुठलं, शिलाई हातानं का मशीनवर, पाऊस आला तर शिवणीतून पाणी यायचं का नाही. त्याला खरोखरच ऐकायचं होतं. कृष्णातनं तोंड उघडलं. मी तेव्हा नेमगोंडाच्या दुकानात कडी-कोयंडा घ्यायला गेलो होतो, म्हणून मला माहीत आहे. कृष्णातच्या डोळ्यांत ती जुनी चमक आलेली मी पाहिली. एका श्वासात त्यानं पाऊसही आणला असता, गळका तंबू आणि आत झोपलेले साहेबही आणले असते. पण तो थांबला.

"म्हाईत न्हाय," तो म्हणाला. "कधी इचारलंच न्हाय मी. त्यात काय इचारण्यासारखं हाय असं वाटलं न्हाय."

आपलं सगळं आयुष्य शिवण्यात गेलं आणि आजाही शिवणाराच होता, हे त्याला ठाऊक होतं. पण ते सांगण्यासारखं आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आता विचारावं तर सांगणारं कुणी उरलेलं नाही. शालनला सासऱ्यांनी तंबू एवढंच सांगितलं होतं. आक्काला फोन करून बघितला. तिला एवढंच आठवत होतं, की आज्याच्या उजव्या हाताच्या बोटांना घट्टे होते.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता नेमगोंडा चहाला आला. बाकड्यावर माझ्या शेजारी बसला. काय बोलायचं हे दोघांनाही कळेना. शिकारीच्या गोष्टी संपल्या होत्या आणि तंबूच्या माहीत नव्हत्या. शेवटी कृष्णातनं त्याला जे खरं माहीत होतं तेच सांगायला घेतलं. रविवारी ससा कसा शिजवला. कणीक किती घट्ट मळली, निखारे कसे पसरले, पहिल्या तासात वास येत नव्हता म्हणून झाकणाला कान कसा लावला, आणि मग दीड तासानं कांद्याचा पहिला वास झाकणातून कसा निसटला. शालननं मान कशी हलवली तेही. सगळं सांगायला पाऊण तास लागला. एकही कुत्रं त्यात नव्हतं.

नेमगोंडानं शेवटपर्यंत ऐकलं. पेला खाली ठेवला आणि बावीस वर्षांत प्रथमच विचारलं, "हे खरं की?"

"शालनला इचारा," कृष्णात म्हणाला.

नेमगोंडानं खरोखरच मोबाईल काढला आणि शालनवहिनींना फोन लावला. पहिल्या तासात वास येत नव्हता हे बरोबर का, असं तिला विचारलं. पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. बोलणं बराच वेळ चाललं. मध्ये एकदा नेमगोंडा म्हणाला, "सव्वा तास? हे दीड म्हणत्यात." आणि कृष्णातकडे बघून त्यानं सव्वाची खूण केली.

कृष्णातनं मशीनखालचं रेक्झिन सरळ केलं आणि म्हणाला, "बरं, सव्वा."